फोडणीबद्दल उपकारस्तुती

२७ सप्टेंबर, शनिवार. जळगाव

नळी दिवाळीनंतरही राहणार. दुजोरा रिद्धीने दिला, माझ्या घशावर बोटं ठेवून, मला कोरडे आवंढे गिळायला लावल्यानंतर.

"काका, घसा अजून झोपलेला आहे. आत्ता तोंडातून काही दिलं तर ते पोटात जायचं सोडून फुफ्फुसात जाईल. नोव्हेंबरच्या शेवटी धुळ्याला एक्स-रेवर गिळण्याची चाचणी करू. पास झालात तर नळी काढू."

"आणि नापास?"

"मग नाकातली काढून पोटातून घालायची. ती कायमची."

रिद्धी शेजारच्या हीरालाल शेठची नात. बोलणं आणि गिळणं गमावलेल्यांना ते पुन्हा शिकवायचं, हा तिचा व्यवसाय. शाळेत असताना मी तिचे निबंध तपासायचो. आता ती माझे आवंढे तपासते.

वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर जन्म गेला, त्यामुळे सवय अशी की आधी बातमी, मग दुजोरा, आणि जागा उरली तर रडगाणं. मागचा तपशील थोडक्यात असा: पोळा झाला आणि माझी डावी बाजू गेली. हातपाय बऱ्यापैकी परत आले. बोलणं जड आहे, पण कळतं. गिळणं आलं नाही. सुनंदा, माझी बायको, दर काही तासांनी मोठ्या सिरिंजने नळीत मुगाचं पाणी, दूध आणि डॉक्टरांनी दिलेली पावडर सोडते. वजन टिकून आहे. रक्ताचे रिपोर्ट चांगले आहेत.

संध्याकाळी आमच्या मंडळीचे पास्टर शांतवन आले. डोळे मिटून त्यांनी प्रार्थना केली, की प्रभू, तू तोतारामनानांना अन्न, वस्त्र, निवारा यांत काही उणं पडू दिलं नाहीस, म्हणून तुझे उपकार. सुनंदा आमेन म्हणाली. मी म्हणालो नाही. वैरणीची चव गुरालाही कळते.

लग्नापासून आमच्या घरी जेवणावरची प्रार्थना मी करत आलो. नळीवर करणार नाही. सुनंदाने एकदा सुचवून पाहिलं.

मी म्हणालो, "गाडीत पेट्रोल भरताना कोणी प्रार्थना करतं का?"

"झुलाल करतो," ती म्हणाली.

झुलाल आमच्या गल्लीतला भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर. त्याची गाडी पाहिली तर प्रार्थना करणं बरोबरच आहे.

२९ सप्टेंबर

स्वयंपाकघरातून काहीच येत नाही. ना चर्रर, ना वास. पूर्वी दुपारच्या आधी लसणाची फोडणी पडायची आणि मी हातातली बातमी अर्धी टाकून उठायचो. आता तिथे कोणी राहतं की नाही असं वाटावं, इतकी शांतता. सुनंदा दार लोटून आत जेवते आणि लगेच बाहेर येते. काय खाल्लंस विचारलं तर "खाल्लं" म्हणते. बहुतेक तिचा संसारातला रस गेला. माझ्याशी बांधली गेली आहे, कंटाळणारच. मी तिच्या जागी असतो तर केव्हाच कुरकुरलो असतो.

कुसुमलताभाभी, रिद्धीची आजी, येऊन बसल्या. त्या जैन, त्यांच्या उपासाची ओळी आजपासून सुरू झाली. पौर्णिमेपर्यंत आयंबिल: दिवसातून एकदा उकडलेलं धान्य, त्यात मीठ नाही, तिखट नाही, तूप नाही.

"म्हणजे आपण दोघं एकाच पंगतीला," मी म्हणालो.

"नाही हं भाऊ. मी चव सोडली. तुमची हिसकावून नेली. सोडणाऱ्याला पुण्य लागतं. हिसकावलेल्याला काय लागतं, ते तुमच्या पास्टरना विचारा."

"चव फालतूच असेल तर सोडून पुण्य कसं लागेल?"

"फालतू कोण म्हणालं? फालतू गोष्ट सोडून कोणाला पुण्य लागत नसतं."

आजाराला लागल्यापासून कोणी माझ्याशी इतकं सरळ बोललं नव्हतं.

२ ऑक्टोबर

दसरा. झुलालने सुनंदाची स्कूटर उन्हातून काढून ओट्याशी लावली, तर डिकीतून काळ्या मसाल्याचा वास. पाठोपाठ लसणाच्या चटणीचा. मी विचारलं. सुनंदा म्हणाली, सावद्याला बहिणीकडे पाठवायचा आहे. बहीण तर मे महिन्यातच पिशवी भरून घेऊन गेली होती. विसरली असेल. हल्ली थकते. ब्लाउजही सगळे सैल झालेत तिचे, शिंप्याकडे टाक म्हणून सांगितलं.

स्कूटर तिथेच राहू दे म्हणालो. तिने ऐकलं नाही. गल्लीच्या टोकाला लावून आली.

५ ऑक्टोबर, रविवार

आजचा दिवस चांगला गेला. महिन्याचा पहिला रविवार, प्रभुभोजनाचा. मी उपासनेला जाऊ शकत नाही म्हणून पास्टर दुपारी भाकर आणि पेला घेऊन घरीच आले. डॉक्टरांच्या शब्दाबाहेर जी मला पाण्याचा थेंब देत नाही, त्या सुनंदाने स्वतः पाठीला उशी लावून मला बसतं केलं आणि डोक्यावर पदर घेतला. पास्टरनी भाकरीचा कण पेल्यात भिजवून माझ्या जिभेवर ठेवला, मग पेला ओठांना लावला.

आमच्याकडे काळ्या मनुका उकळून तो रस करतात. थोडा पातळ झाला होता. पण गोड. मागून आंबट. जिभेच्या कडेला मनुकांच्या सालीचा तुरटपणा. मी डोळे मिटले होते आणि दोघांना वाटलं असेल मी प्रार्थना करतोय. मी चाखत होतो.

थोडा ठसका लागला. थांबला.

आता अंगात कणकण आहे. पंख्यामुळे असेल.

११ ऑक्टोबर. दवाखान्यातून

न्यूमोनिया. छातीच्या फोटोने दुजोरा दिला. पास्टर गेले त्याच रात्री ताप चढला आणि झुलालने गाडी काढली. पुढचे दोन दिवस मला आठवत नाहीत. सुनंदालाही ते आठवायचे नसावेत, विचारलं तर ती चादर नीट करायला लागते.

रिद्धी आली ती चप्पल दारात आपटतच.

"काका, मी लिहून दिलं होतं. तोंडाने काहीही नाही."

"ते खाणं नव्हतं."

"मग काय होतं?"

"प्रभुभोजन. ते आम्ही खाण्यात धरत नाही."

"घशाला कसं कळणार काका? त्याला कोणी सांगितलं होतं का?"

 खरं म्हणजे मी, सुनंदा आणि पास्टर, तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की तो रसही त्याच वाटेने खाली जाणार. रिद्धी म्हणाली, तुमच्या धर्मात असं काही असतं हे मला माहीत असतं तर तेही लिहिलं असतं. चाचणी टळणार नाही, पण घसा आता पुन्हा पहिल्यापासून शिकवायचा.

ती गेल्यावर पास्टर माझ्या पायाशी बसून राहिले. वय कमी आहे त्यांचं. चेहरा उतरला होता.

"नाना, माझ्या हातून झालं हे."

"पास्टर, रस गोड होता."

"असं काय बोलता?"

"मला पश्चात्ताप नाही, हे सांगतोय. आपल्या आठवणीसाठी प्रभूने मागे काय ठेवलं ते पाहा. चव असलेलं ठेवलं. नुसतं जगवायचंच होतं तर पावडर ठेवली असती."

ते उठले. प्रार्थनाही न करता गेले. मला तेच बरं वाटलं.

२० ऑक्टोबर

घरी परवा आलो. आज दिवाळी, शेजारी दिवे. कुसुमलताभाभी भेटायला आल्या आणि सुनंदा आत आहे असं पाहून हळूच म्हणाल्या, "आमची ओळी पौर्णिमेला सुटली. सुनंदाभाभींची कधी सुटणार?"

"कसली ओळी?"

"तुम्हाला माहीत नाही? त्या दिवसांत माझ्याबरोबरच बसायच्या जेवायला. बिनमिठाचा भात. मी म्हटलं, तुमच्या धर्मात हे नाही, तुम्हाला कशाला? तर म्हणाल्या, मी आधीपासूनच करतेय."

त्या गेल्यावर सुनंदाला हाक मारली.

"नवस केलायस?"

"आपल्यात नवस नसतो."

"मग मसाल्याची बरणी डिकीत कशाला?"

"लसूण भाभी त्यांच्या घरात ठेवू देत नाहीत. मग कुठे ठेवू?" पुढे म्हणाली, "पहिल्यांदा दवाखान्यातून आलात त्या आठवड्यात मी डाळीला फोडणी दिली. तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. मी दारातून पाहिलं."

"ठीक. वासाचं समजलं. पण मिठाला वास नसतो. मीठ का सोडलंस?"

ती पदराचं टोक दुमडत बसली.

"मला एकटीला गिळवत नाही."

इथे मी गहिवरायला हवं होतं. मी चिडलो. माझ्या या जड जिभेने जेवढं चिडता येतं तेवढा चिडलो. म्हणालो, घसा आजाराने नेला, तो त्याचा दोष. पण वास होता माझ्याकडे. तो तू नेलास, मला न विचारता. नळी एका नाकपुडीत आहे, सुनंदा. दुसरी मोकळी आहे.

ती हसली. मग मलाही हसावं लागलं, आणि रिद्धीने हसताना बसतं राहायला सांगितलंय म्हणून उशी शोधावी लागली.

२१ ऑक्टोबर

बरणी डिकीतून घरी आली. उडदाची डाळ, तिला लसूण आणि लाल मिरचीची फोडणी, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, कच्चा कांदा. वास आधी ओट्यावर गेला, मग गल्लीत. हीरालाल शेठनी खिडकी लावून घेतली, तो आवाजही ऐकू आला.

मी सुनंदाला ताट घेऊन माझ्यासमोर बसायला लावलं आणि तिच्या ताटावर प्रार्थना केली. अन्नाचं नाव घेतलं नाही. फोडणीबद्दल उपकार मानले, मिरचीबद्दल मानले. भाकरीला पापुद्रा सुटतो, त्याबद्दलही. त्याची काही गरज नसते. नसता सुटला तरी पोट भरलं असतं.

पहिल्या घासाला तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिखट लागलं म्हणाली. इतक्या दिवसांनी खाल्ल्यावर लागणारच.

मला त्रास झाला का? झाला. भरपूर झाला. तोंडाला इतकं पाणी सुटलं की रुमाल भिजला. रिद्धीला सांगितलं तर ती म्हणाली, उत्तम, रोज फोडणी द्या, लाळ सुटली की आवंढा येतो. स्वतः मात्र दाराबाहेर उभी राहून म्हणाली.

२ नोव्हेंबर, रविवार

१६ तारखेला मंडळीची उपकारस्तुतीची उपासना आहे. दरवर्षी लोक शेतातलं, परसातलं आणून वेदीपुढे ठेवतात आणि दोघं-तिघं साक्ष देतात. पास्टरना या वर्षी माझी साक्ष हवी आहे.

"नाना, इतक्या मोठ्या आजारातही देवाने तुमची प्रत्येक गरज भागवली. एवढंच सांगा. लोकांना धीर येईल."

"गरजांबद्दल मी बोलणार नाही. फोडणीबद्दल बोलेन."

 पास्टर म्हणाले, "समोर निंबा बसलेला असेल."

निंबा सावद्याकडचा. जूनच्या वादळात त्याच्या केळी आडव्या झाल्या आणि घरावरचे पत्रे उडाले. मंडळीने वर्गणी काढून पत्रे दिले, दाणागोटा दिला.

"ज्याच्या डोक्यावर छप्पर राहिलं नव्हतं, त्याच्यासमोर तुम्ही लसणाचे आभार मानणार? त्याला काय वाटेल?"

  पास्टर चुकीचं बोलत नाहीत. मी मोकळ्या नाकपुडीचं कौतुक करत बसलोय आणि तिकडे माणूस पावसात भिजला. कदाचित ही म्हाताऱ्याची खाण्याची हाव आहे आणि मी तिला देवाचं नाव देतोय. सुनंदाला विचारलं. ती म्हणाली, "हाव असेल. पण ती खोटी नाही."

५ नोव्हेंबर

निरोप पाठवला: साक्ष देईन, माझ्या पद्धतीने. नको असेल तर दुसरा माणूस बघा. पास्टरनी अजून दुसरा माणूस बघितलेला नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

झालं.

झुलालने गाडीतून नेलं. नाकाला चिकटवलेली नळी बघून पोरं आयांच्या मागे लपली. एका पंचांनी कानाशी येऊन सुचवलं, नाना, मागच्या बाकावर बसा, तिथूनच बोला. मी पुढे गेलो. सुनंदाने दंडाला धरलं होतं. वेदीपुढे केळ्यांचे घड, ज्वारीची कणसं, भोपळे, एका म्हातारीने आणलेली मेथीची जुडी.

माझं बोलणं जड आहे, म्हणून थोडंच बोललो. आठवतं तसं लिहितो.

म्हणालो, अन्नाबद्दल मी आज आभार मानत नाही. ते नळीतून येतं, वेळच्या वेळी, मोजून. तेवढ्यावर माणूस जगतो, मी जगतोय, बघा. देवाला आपल्याला नुसतं जगवायचं असतं तर मुगाचं पाणी पुरलं असतं. पण त्याने लसूण केला. भरताच्या वांग्याला तो रंग दिला, ज्याचा पोटाला काडीचा उपयोग नाही. ही उधळपट्टी त्याने जाणूनबुजून केली. माझ्याकडून ती गेली, म्हणून ती बिनमहत्त्वाची होती, असं मी म्हणणार नाही. लोक माझं समाधान करायला तसं म्हणतात. मला ते समाधान नको. मला चव परत हवी आहे, आणि मी ती मागतोय. परत मिळाली नाही तरी ती चांगली होती, हे मी शेवटपर्यंत म्हणत राहीन. त्याबद्दल उपकार.

आमेन विरळ आलं. एक सुनंदाचं होतं, मोठं.

उपासनेनंतर निंबा आला. मी मनाची तयारी करून बसलो होतो.

"नाना," तो म्हणाला, "ओसरीत आढ्याला टांगलेली आमची बंगई होती, झोपाळा. सागाची. वादळात आढं तुटलं, ती दोन तुकडे झाली. बायको संध्याकाळी तिच्यावर बसायची. पत्रे किती लागतील ते सगळ्यांनी विचारलं. बंगईचं कोणी विचारलं नाही."

"तू सांगायचंस."

"कसं सांगणार? लोक पत्रे देत होते."

पास्टर बाजूलाच उभे होते. त्यांनी ऐकलं. मग खाली वाकून भोपळे उचलायला लागले, जरा जास्तच वेळ.

२० नोव्हेंबर, गुरुवार

चाचणी उद्या, धुळ्याला. रिद्धी बरोबर येणार आहे. आज तिने शेवटचे आवंढे तपासले.

"खरं सांग," मी म्हणालो.

"खरं म्हणजे सांगता येत नाही. आवंढा आधीपेक्षा वर उचलला जातो. पण न्यूमोनियाने मागे नेलं. अर्धं अर्धं धरा."

पांढरं, घट्ट, खडूच्या चवीचं काहीतरी चमच्याने देणार आणि ते कुठे जातं हे पडद्यावर बघणार. पोटाकडे गेलं तर नळी निघेल आणि संध्याकाळी दोन चमचे दही. फुफ्फुसाकडे वळलं तर पोटातल्या नळीची तारीख तिथेच ठरेल.

भीती वाटते. कोणाला सांगितलेली नाही. सुनंदाला सांगायची गरज नाही, ती आज दोनदा माझी पिशवी भरून पुन्हा रिकामी करून बसली.

सायंकाळी झुलाल गाडीचं विचारायला आला. मी दोघांना ऐकवलं की परतताना एरंडोलच्या अलीकडे ढाब्यावर थांबायचं. निकाल काहीही असो. शेवभाजी मागवायची, तिखट, वर तर्री. दोन ताटं.

"दोन कशाला?" सुनंदा म्हणाली. "पास झालात तरी तुम्हाला दहीच मिळणार आहे. रिद्धी तर तिथलं पाणीसुद्धा पिणार नाही."

"एक माझ्यापुढे ठेवायचं. वाफ येते तोवर."

"आणि मग वाया?"

"वाया कसं जाई अक्का?" झुलाल म्हणाला. "मी शे ना. बठ्ठं खाई टाकसू."

सुनंदाने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मग तीन मागवा," ती म्हणाली. "उद्या माझ्या ताटात कोणाचा हात आलेला मला चालणार नाही."

गाडी सहाला निघेल. अकराला चाचणी. दोनच्या सुमारास ढाबा, तीन ताटं.